तांदळाच्या दाण्याएवढं

शहाबाज गावातल्या मढवींच्या दुकानात
काउंटरवर तीन डब्या आणि एक ट्यूब.
मढवी हात बांधून उभे.
पिवळ्या डबीवर बोट ठेवून म्हणतात,
हे सगळ्याला चालतं वहिनी,
बिजागरीपासून होडीच्या इंजिनापर्यंत.
मी विचारते, किती डिग्रीला पातळ होतं?
ते डबी उलटी करतात,
चष्मा कपाळावर सरकवतात,
म्हणतात, आजवर कुणी विचारलं नाही.

मी रबाळ्याच्या लॅबमध्ये दिवसभर लेबलंच वाचते,
रविवारीही ती खोड सुटत नाही.

जे सगळ्याला चालतं
ते ब्रेकला चालेलच असं नाही.
ड्रम तापतो. पारसिकच्या उतारावर
हात लावाल तर कातडी सोलेल इतका.
मग हे पिवळं लोण्यासारखं पाघळणार,
नको तिथे जाऊन बसणार.
चेनचा स्प्रे नको, तो उडतो.
शिलाई मशीनचं तेल तर नावही काढू नका.

शिलाई मशीनच्या तेलाची गोष्ट आमच्या घरात
आठ वर्षं कुणी काढलेली नाही.
निशिकांतनं ते घातलं होतं,
स्कूटर कुईकुई करते म्हणून,
सढळ हातानं, फोडणीत घालावं तसं,
थेट लायनरवर.
आवाज गेला.
ब्रेकही गेला.
टेकडीवरून तो सरळ खाली आला
आणि बोगनवेलीत थांबला.
घरी येऊन म्हणाला, मांजर आडवं आलं.
मी आठवडाभर त्याच्या दंडातले काटे चिमट्यानं काढले
आणि मांजराचा रंग विचारला नाही.

शेवटी ट्यूब घेतली. तांब्याच्या रंगाची,
अंगठ्याएवढी, भाव मात्र साजूक तुपाचा.
मढवी म्हणाले, एवढीशी पुरेल?
म्हटलं, मी म्हातारी होईपर्यंत.

पार्किंगमध्ये जुन्या वर्तमानपत्रावर पुढचं चाक काढून ठेवलंय.
निशिकांत उलट्या बादलीवर बसून
मोबाइलचा उजेड धरतोय.
ड्रममध्ये काळी भुकटी,
फुंकायची नाही, नाकात जाते.
ओल्या फडक्यानं टिपून घ्यायची,
फडकं पिशवीत, पिशवीला गाठ.
शूजवर चकाकी चढलीय,
तिच्यावर पॉलिश पेपर, हलक्या हातानं,
पुन्हा खरखर येईपर्यंत.
स्प्रिंग ओढताना मी एक शिवी दिली,
बादली किंचित हलली.

आता कॅम. त्याची दांडी गंजलेली,
तीच रडत होती इतके दिवस.
घासून, पुसून,
काडीच्या टोकावर तांदळाच्या दाण्याएवढं घेतलं.
दांडीला, कॅमच्या दोन्ही गालांना,
समोरच्या खुंटीला.
बस.
बोट पुसलं. पुन्हा पुसलं.
या बोटानं लायनरला शिवायचं नाही,
सोवळ्यात असल्यासारखं.

अजून थोडं? निशिकांत म्हणाला.
नको.
उजेड जरा डावीकडे सरकला,
लायनरवर पडला,
तिथेच राहिला.
इथे काहीच नाही लावायचं ना?
नाही, म्हटलं. इथे कोरडंच हवं.
बराच वेळ तो त्या कोरड्या जागेकडे बघत होता.
मग म्हणाला,
मांजर नव्हतं.
मी म्हटलं, पाना दे, चौदाचा.

रात्री एक चक्कर मारून आले,
टेकडीवर जाऊन, खाली उतरून.
लिव्हर दाबला की चाक धरतं,
सोडला की सोडतं,
मध्ये कुठे कुरकुर नाही.

गेट मात्र बंद.
रामसजीवन खुर्चीत पेंगत होता.
एरवी वळणावरूनच माझी कुई ऐकून
तो उठायचा, चपला शोधायचा,
मी पोचेस्तोवर गेट उघडं असायचं.
आज हॉर्न वाजवावा लागला.
तो दचकून उठला,
स्कूटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
आणि विचारलं,
मॅडम, नवी घेतली का?