प्रयोगासाठी अंडी

गोमात अंडं स्वस्त नाही.
म्हणून दोनच आणली,
एक पहाटे उकडून, एक तसंच,
रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात.
चुकुडूवाल्यानं बटाट्याच्या पोत्यावर बसवलं मला
आणि त्याची ती लाकडी गाडी
थिजलेल्या लाव्ह्यावरून खडखडत सुटली.
दर धक्क्याला माझा हात खिशाकडे.

सहावीचा वर्ग. बासष्ट मुलं, एक बादली.
बादलीत कसाव्याचं सत्त्व, किवू सरोवराचं पाणी.
"मार बुक्की," म्हटलं.
ब्यामुंगूनं मारली, आणि बोटं चोळत मागे सरला.
"आता नुसता ठेव हात."
हात मनगटापर्यंत बुडाला,
जसा कुणी ओळखीच्या घरात शिरतो.

"हे प्रावरण," मी म्हणालो.
"घाई केलीत तर खडक.
लाख वर्षं थांबलात तर पेज."
वर्ग हसला. लाख वर्षं थांबतंय कोण,
मधली सुट्टी दहाला.

मग कोळशाची शेगडी, पातेलं, लाल पामतेल,
त्यात कबांबे सुताराकडचा मूठभर भुसा.
भुसा मधोमध वर आला,
काठाकडे सरकला, गार झाला, बुडाला,
तळातून पुन्हा मध्यावर.
पुढच्या बाकावरची पोरं माना फिरवत राहिली
भुशाबरोबर.
एकानं विचारलं, "दमत नाही?"
मी म्हणालो, शेगडी विझेपर्यंत नाही.

मसिका भिंतीला टेकून उभी होती.
"म्वालिमू, मग ही भिंत कुठल्या प्रयोगातली?"

काळी भिंत, भोकाभोकांची,
तळहात फिरवला तर सोलवटणारी.
दगडाला पाझर फुटतो म्हणतात.
इथे पाझराचा दगड झाला
आणि दगडाची शाळा.
हे मी फळ्यावर लिहीत नाही.
"अंडी घेऊ या," म्हणालो.

उकडलेलं गरगरलं, भोवऱ्यासारखं.
कच्चं डगमगलं, आळसावलं, कडेला गेलं.
"आत पातळ आहे म्हणून.
पृथ्वीच्या पोटातही असाच एक पातळ थर आहे.
कुणी फोडून पाहिलेलं नाही.
धक्के आत जातात, काही परत येतात,
काही येत नाहीत. त्यावरून कळतं."

*काही येत नाहीत* म्हणालो, आणि जीभ चावली.

न्सिमिरे त्या रात्रीपासून वर्गात बोलत नाही.
डोंगरामागचं आभाळ लाल झालं तेव्हा
सगळे सरोवराच्या बाजूला पळाले,
तिचा भाऊ सायकल आणायला मागे फिरला.
पायाखालची जमीन सरकली म्हणतो आपण, सहज.
तिच्या घराची जमीन सरकली नाही.
तिच्यावर दुसरी जमीन येऊन बसली.

तीच उठली.
कच्चं अंडं फिरवलं,
एक बोट टेकवून थांबवलं.
अंडं थांबलं.
बोट उचललं.
अंडं पुन्हा फिरू लागलं,
हळू, आपलं आपण,
जणू मधे काही झालंच नव्हतं.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा.
चौथ्यांदा, कुणाकडेही न बघता, म्हणाली,
"आतल्याला सांगितलंच नाही कुणी
थांबलोय म्हणून."

बासष्ट मुलं.
शेगडीवर तेल करपत होतं.
माझ्या टिपणात याचं उत्तर होतं,
जडत्व, दोन ओळी, खाली रेघ मारलेली.
मी वही मिटली.

उकडलेलं अंडं चिठ्ठ्या टाकून खाल्लं,
ब्यामुंगूला लागलं, त्यानं पिवळा बलक
शेजाऱ्यापाजाऱ्यांना चिमटीनं वाटला.
कच्चं तिला दिलं.
फाटकातून बाहेर पडताना पाहिलं,
दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून
ती लाव्ह्याच्या रस्त्यानं चालली होती,
पाऊल टाकायच्या आधी
दगड चाचपत.

सोमवारी वह्या तपासल्या.
तिच्या आकृतीत चारही थर नीट होते,
जाड्या जागी जाड, कवच केसाएवढं.
आणि कवचाला बाहेरून टेकलेलं
एक बोट, नखासकट.

गाभ्याचं फ्रेंच स्पेलिंग चुकलं होतं,
त्याचा एक गुण कापला.
बोटाचा नाही कापला.