वजन टेकल्यावर

गाडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.
पांढरी सिटी गोल्फ, डाव्या दारावर
कुणाच्या तरी सायकलच्या हँडलचा ओरखडा.
ही कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा
पुढच्या दोन्ही स्प्रिंगा डॅडींनीच बसवल्या होत्या,
असं डॅडी म्हणतात.
सव्वीस वर्षं एका जागी उभं राहून
त्यांनी दुसरं काही केलंच नाही.
गावाचं नाव बदललं, कारिएगा झालं.
ते अजून युटनहेगच म्हणतात,
कारखान्याला मात्र नुसतं 'आत'.

आज मी त्या स्प्रिंगा काढतेय.

नव्या लाल आहेत, लिपस्टिकसारख्या.
गाडी साठ मिलिमीटर खाली येणार.
म्हणजे किती, आईनं विचारलं.
मी चार बोटं आडवी धरली, करंगळी जरा दुमडून.
"एवढ्यासाठी चार महिन्यांची बचत?
बोटाला एक महिना?"

डॅडी अंगणात खुर्ची टाकून बसलेले. तोंडातून ब्र नाही.
वारा त्यांच्या कारखान्याच्या जाकिटात शिरत होता.
ते जाकीट पूर्वी कमरेशी संपायचं.

स्प्रिंग आवळायचे दोन आकडे शेजारच्या रियाडचे, उसने.
एक फेरा इकडे, एक फेरा तिकडे,
इकडे, तिकडे,
मग मी घाईत इकडेच दोन दिले
आणि तार कुरकुरली.
खुर्ची रिकामी.
डॅडी माझ्या शेजारी, गुडघ्यांवर,
जे गुडघे रविवारी चर्चमध्येसुद्धा टेकत नाहीत.
"तोंड बाजूला घे, मर्लिशा.
आवळलेल्या स्प्रिंगसमोर तोंड नेऊ नये.
आत एकदा प्लाटकीसचा जबडा..."
पुढचं बोलले नाहीत.

वरचा नट निघाला. आकडे ढिले केले
तशी जुनी स्प्रिंग उठत गेली,
उठतच गेली,
मला वाटलं होतं त्याहून वीतभर उंच.
अठ्ठावीस वर्षांत तिला कुणी पाय पसरू दिले नव्हते.
डॅडींनी ती मांडीवर घेतली, नखानं गंज खरवडला.
"हा बघ हिरवा ठिपका. आमच्या शिफ्टची खूण."
मला गंजाखाली गंजच दिसला.
"हो," म्हणाले मी.

दुपारपर्यंत चारही बसल्या.
मागच्या दांडीचा बोल्ट आवळायला पाना लावला
तर त्यांनी मनगट धरलं.
"लोंबकळत्या गाडीला शेवटचा पीळ देऊ नये.
रबर तसंच जखडतं
आणि जन्मभर उलटं ओढत राहतं.
आधी चाकं जमिनीवर.
वजन टेकू दे. मग घट्ट."

जॅक उतरवला. गाडी बसली,
अशी बसली की खाली हात जाईना,
मग माणूस कुठला जायला!
आम्ही दोघं आडवे, गाल फरशीला टेकलेले,
त्या फटीकडे बघत.
आधी डॅडी हसले. खोकला लागेपर्यंत हसले.

शेवटी चार चाकांखाली चार फळ्या, फळ्यांखाली विटा.
वजन हवं म्हणून आईला आत बसवलं.
ती घेवड्याच्या शेंगा घेऊनच बसली,
मागच्या सीटवर, राणीसारखी.

"मी जातो," डॅडी म्हणाले.
मी नको म्हणेपर्यंत छातीपर्यंत आत गेले होते.
बाहेर फक्त बूट, टाचा एकीकडे झिजलेल्या,
आणि एक उघडा तळहात.
त्यात मी सतराचा पाना ठेवला.

खालून कट्.
वरून शेंगा मोडल्याचा कट्.
"झालं का?" आई.
"अजून बसेल," गाडीखालून आवाज,
"चार दिवस जाऊ दे.
आणि चर्चपुढचा गतिरोधक तिरका घे,
एका वेळी एकच चाक."

मी विचारलं, तुम्ही येणार का बरोबर?
खाली पाना फिरत राहिला.
मग बुटांची टोकं हलली,
उत्तर असेल, किंवा पायाला मुंग्या आल्या असतील.