मंगळवारचा आवाज

ज्या काळ्या दगडावर आपण बाराखडी गिरवली,
त्याची छपरं घालून वेल्समधलं हे गाव झोपतं.
खाली नेस्टाची बेकरी.
वर, अठरा पायऱ्या चढून,
बोलक्या वर्तमानपत्राची धर्मादाय संस्था:
दोन मायक्रोफोन, पाच खुर्च्या, एक किटली,
आणि दर मंगळवारी
डोळे गेलेल्यांसाठी आठवड्याचा पेपर मोठ्याने वाचणारा
एमरिस, निवृत्त पोस्टमन.
पूर्वी दारोदार पत्रं टाकायचा,
आता आवाज टाकतो.

हीटर आहे. पण तो गुणगुणतो,
आणि त्याची गुणगुण बातम्यांत मिसळते.
म्हणून लाल बटण दाबण्याआधी तो बंद करायचा, असा नियम.
तरी कधी कुणाला थंडी वाजली नाही.
खालची भट्टी पहाटे तीनपासून तापलेली,
जमिनीच्या फळ्यांतून ऊब वर यायची
पावाच्या वासासकट.
तिला ना मीटर, ना भाडं.

मग विजेचं बिल आलं.
नेस्टाने ते दोनदा वाचलं,
चष्म्यावरचं पीठ पुसून तिसऱ्यांदा.
मागच्या वर्षीचा आकडा टाचा उंचावून उभा राहिला असता
तरी याच्या कमरेला लागला नसता.
तिने दारावर कागद चिकटवला: मंगळवारी भट्टी बंद.
मंगळवारी गिऱ्हाईक तसंही विरळच.

वर एमरिस कोट घालून वाचू लागला.
हातमोज्यांची बोटं कापलेली, पान उलटता यावं म्हणून.
पालिकेची बैठक. मेंढ्यांच्या लिलावाचे भाव.
कुणाची प्रेतयात्रा, किती वाजता, कुठल्या चॅपेलपासून.

गुरुवारी फोन वाजला.
ब्लॉडवेनबाई, वय एक्याण्णव,
अकरा वर्षांपूर्वी दिसणं थांबलं त्यांचं.
"एमरिस आजारी आहे का?"
नाही, ठणठणीत आहे.
"मग वाक्याच्या शेवटी कापतो का?"
इकडून कुणी काही बोललं नाही.
"असं," त्या म्हणाल्या. "तिथे गारठा आहे तर."
विजेचं बिल कानांनी वाचणारी
त्या खोऱ्यातली ती पहिली बाई.

सरकारला कळायला आणखी पाच आठवडे लागले.
दुकानं, छोटे कारखाने, धर्मादाय संस्था,
सगळ्यांना सवलत, सहा महिने, अर्ज नको,
वीजकंपनीच बिलातून वजा करील.
ही बातमी एमरिसनेच वाचली,
'दिलासा' या शब्दावर त्याचे दात वाजले.

मीटर नेस्टाच्या नावावर.
आणि कागदात लिहिलेलं:
मालकाने भाडेकरूचा वाटा भाडेकरूला द्यावा, रास्त हिशेबाने.
ती पिठाच्या रिकाम्या पिशवीवर पेन्सिलीने मांडत बसली.
दोन दिवे, किटली, मायक्रोफोन,
आणि न लावलेला हीटर.
महिन्याला चार पौंड अकरा पेन्स.
पाकिटात घातले, वर नेऊन दिले, पावती घेतली.
रात्री मात्र पेन्सिल पुन्हा हातात:
फळ्यांतून वर गेलेली ऊब कुठल्या रकान्यात धरायची?
ती कधी विकली नव्हती, दिलीही नव्हती,
नुसती जायची.

पुढच्या मंगळवारी तिने भट्टीचा एकच कप्पा लावला,
तोही पाचनंतर.
पाव चौदाच झाले, त्यातले सहा उरले.

गुरुवारी फोन.
"एमरिसला बरं वाटतंय म्हणायचं."

आता फेब्रुवारी. पेपरच्या चौथ्या पानावर, खाली कोपऱ्यात:
सवलत मार्चअखेर संपणार, पुढचं अजून ठरलेलं नाही.
एमरिसने ते वाक्य तीनदा वाचलं,
तीनदा पुसलं.
एकदा फार सरळ झालं, एकदा फार हळू,
एकदा मध्येच खोकला आला.
नेस्टा जिन्यात उभी होती, कोपरापर्यंत पीठ.
"कसंही वाच," ती म्हणाली,
"बाईंना कळायचं ते कळणारच."
त्याने लाल बटण दाबलं.
खाली टायमर वाजला, तोही रेकॉर्ड झाला.