शून्य नंबरचा ब्रश

नोव्हेंबरात भात कापून झालं
की आगशीत वांग्याची रोपं बसतात
आणि मला सहा महिन्यांची ऑर्डर मिळते.
प्रकल्प सहायक, हंगामी.
काम: अळ्या मोजणे.

वांग्यातली अळी आमची नव्हे.
तिच्यासाठी पंप आहे, दुकानदार आहे,
दुकानदाराच्या कॅलेंडरवर फवारणीच्या तारखा आहेत.
आमची ती बांधावरची, रुईच्या पानाखालची,
काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची.
तिने वांगं कधी चाखलेलं नाही.
रुईचा चीक ती दूध म्हणून पिते,
अंगात साठवते;
पाखरं तिला चोचीत घेतात आणि थुंकतात.
विष पचवणं तिच्या घराण्यातलंच.
पण झुवारीवरून वारा सुटला
की तिच्या पानावर
दुसऱ्याचं औषध येऊन पडतं.

औषधच म्हणतो आपण.
आजारी कोण, ते पाकिटावर नसतं.

एस्पेरांसबाय नाकाला रुमाल बांधून फवारते,
मग त्याच रुमालाने मला पाटावरची धूळ झटकून देते: बस.
भोक पडलेलं वांगं
गिऱ्हाईक उलटं टाकतं टोपलीत,
तू घेशील गो?
मी वहीत वाऱ्याची दिशा लिहीत राहते.
पणजीच्या बाजारात मीही चकचकीतच निवडते,
देठ दाबून.

पठारावरच्या लॅबमध्ये पंचवीस डिग्री.
पान गोल कापायचं, बाटलीच्या बुचाएवढं,
दहा सेकंद द्रावणात बुडवायचं,
चिमट्याने दोरीवर टांगायचं
झबलं वाळत घालावं तसं.
बशी, ओला कागद, एकेक अळी.
चोवीस तास. अठ्ठेचाळीस. बहात्तर.
मग शून्य नंबरचा ब्रश पाठीला टेकवायचा.
उलटी केली आणि सुलटी झाली नाही,
तर मेलेली धरावी.
नियमावलीत 'आहे' नाही.
'धरावी' आहे.

गुणो वेळीप दुपारी स्टुलावर झोपतो,
तोंड उघडं, हात लोंबते.
एकदा मी त्याच्या कानामागे ब्रश टेकवला.
त्याने मान वळवून गावडोंगरीतली एक
अस्सल शिवी दिली.
जिवंत, मी लिहिलं. वेळ दोन वाजून दहा.
दोघं हसलो, मग बाराव्या बशीकडे वळलो.

बारावी मी मेलेली धरली.
पेन्सिलने फुली मारली
आणि हात उचलेपर्यंत
तिने मागचा एक पाय
(पुस्तकात त्याला खोटा पाय म्हणतात)
कागदावर टेकला.
मी खोडरबर शोधला.
टेबलाखाली, खणात, गुणोच्या खिशात.
सापडला तेव्हा बहात्तर तास उलटून गेले होते,
पुढे रकाना नव्हता.

साध्या पाण्याच्या बशांतही दोघी गेल्या.
त्याचं सूत्र आहे,
तेवढं मरण सगळ्यांतून वजा करायचं.
केलं.
पानं तर चर्चमागची होती,
तिथे कोणी फवारत नाही.
चर्चमागे माड आहेत.
माडांपलीकडे वांगी.

एप्रिल संपताना ऑर्डरही संपली.
रिपोर्टात आलेख चढत गेला,
टक्केवारी दोन दशांशांपर्यंत.
एस्पेरांसबायने निघताना पिशवी भरून वांगी दिली,
वर लाल चिंधी बांधलेली:
ही कडेच्या ओळीतली. आमच्या जेवणाची.
घरी चिरताना एकीत आतून हालचाल झाली.
सुरी धरून मी
तशीच उभी होते थोडा वेळ.

एक कोष लॅबमध्ये राहिला होता,
सर्वांत कडक द्रावणातला, पोपटी,
सोनेरी ठिपक्यांचा. तक्त्यात 'अपूर्ण'.

मे महिन्यात गुणोचा फोन आला.
बाय, तुझा तो फुटला.
एक पंख नीट. एक दुमडलेला.
किती वाजता, मी सवयीने विचारलं.
घड्याळ कोणी बघितलं,
खाली मानकुराद उतरवत होते, आरडाओरडा नुसता.
मी जनेल उघडलं.
आणि? गेलं?
तेवढ्यात त्याला कोणीतरी खालून हाक मारली,
शिडी धरायला.