शेपटीची शिवण

आमची शर्वरी एका वहीत
ड्रॅगनांना मार्क देते.
पंखांना दहापैकी, आगीला दहापैकी,
वागणुकीचा रकाना वेगळा.

सोन्याच्या ढिगावर झोपणारा: आग नऊ, वागणूक दोन.
"असले आपल्याकडेही असतात," मी म्हटलं,
"धनावरचा नाग. तुझे थोरले काका."
तिने तेही लिहून घेतलं.
चीनमधला, मिशीवाला, पाऊस पाडणारा: पंखच नाहीत,
तरी पंखांचे सात,
कारण पंखांशिवाय उडणं जास्त अवघड.
वेल्सच्या झेंड्यावरचा तांबडा, एक पाय कायम वर:
पाच. "दमत नाही का गं तो?"
सिनेमातला, तीन मजली, अख्खं शहर जाळून
मग एकटाच रडत बसणारा:
दहा, दहा, आणि वागणुकीत नुसता बदाम.

"तुझा आवडता कोणता?"
माझ्या तोंडात टाचण्या होत्या
आणि मांडीवर शेपूट.

नॉर्विचच्या मिरवणुकीतला हा ड्रॅगन:
वेताचा सांगाडा, वर रंगवलेलं किंतान,
मधे भोक, भोकात माणूस.
दोरी ओढली की जबडा वाजतो, खटाक्.
पूर्वी म्हणे लोकांच्या टोप्या पळवायचा,
एक पेनी दिली की परत.
इचलकरंजीत मी गाद्यांच्या खोळी शिवल्या,
लग्नाचे ब्लाऊज,
एकदा नाटकातल्या हत्तीची झूल.
हे काम मी मागून घेतलं.

इथे पबच्या पाटीवर
घोड्यावरचा संत याच्या घशात भाला घालतो.
खाली माणसं बिअर पितात, वर कुणी बघत नाही.
माझी आई पंचमीला विळी पालथी घालायची.
चिरायचं नाही, खणायचं नाही, तवा चढवायचा नाही,
न जाणो, कुणाच्या शेपटीला लागेल.
आणि पंचमीलाच मी सुई धरून बसले,
हिशेब करत: टोचणं चिरण्यात येतं का?
शिवणं म्हणजे उलटं चिरणंच की.
मग शिवली.

दुसऱ्या दिवशी आत शिरणारा कॉलिन थर्केटल,
प्लंबर, जिन्यावरून पडला. घोटा टम्म.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
उंची बसत होती.

आत रंगाचा वास, वेताचा,
कॉलिनच्या बावीस वर्षांच्या घामाचा.
जबड्यातून एवढंसं शहर दिसतं:
कुणाचं वितळतं आइस्क्रीम, एक पोटरी,
भुंकावं की नाही अशा विचारात पडलेलं कुत्रं.
एल्म हिलच्या गोट्यांवरून मी बेतानं चालले
आणि दिवसभरात कुणी विचारलं नाही, मूळची कुठली.
ड्रॅगनला कोण विचारतं?
एका म्हाताऱ्याची टोपी धरली.
त्याने खरंच खिसे चाचपले.

वळणावर शर्वरी, वहीसकट.
मी जबडा वाजवला. ती हलली नाही.
खाली झालरीकडे बघत राहिली,
जिथे सँडलमधून
माझी जोडवी बाहेर आली होती.

रात्री ती झोपल्यावर वही उघडली.
पंख तीन. आग नाही.
वागणूक नऊ, टोपी परत दिली म्हणून.
पुढे पट्टी न लावता आखलेला नवा रकाना,
पाय: ओळखीचे.

शेपूट मात्र बँकेपाशी उसवलीच.
टाका लांब पडला होता. माझाच.