पुठ्ठ्यावरचे दोन खड्डे

शेफील्डला, रेल्वेच्या कमानीखाली,
जिथे पूर्वी काट्याचमच्यांना पॉलिश व्हायचं म्हणे,
तिथे ग्लेनिस ऑल्डरसनचं सायकलचं दुकान.
तिने विचारलं, किती वेगाने जायचंय?
म्हटलं, बाई, पोचायचंय.
आणि पोचल्यावर मान वळली पाहिजे.

ती हसली नाही. वही काढली.

दोन पायांमध्ये जाडजूड कॅटलॉग धरायला लावून
मला भिंतीशी उभं केलं,
वरच्या कडेला पेन्सिलीची खूण.
मग स्टुलावर खोक्याचा पुठ्ठा टाकला.
बस. जरा पुढे वाक. ऊठ आता.
पुठ्ठ्यात दोन खड्डे उमटले होते.
तिने पट्टी लावली : एकशे अडतीस मिलिमीटर.
एकसष्ट वर्षांत ब्लाउज शिवणाऱ्याखेरीज
माझं माप कुणी घेतलं नव्हतं.
हे तर माझं मलाही ठाऊक नव्हतं.

तीन फ्रेम्स भिंतीला टांगलेल्या.
ॲल्युमिनियमची हलकी, पण चुगलखोर,
रस्त्यातला खडा न् खडा मणक्याला जाऊन सांगणारी.
कार्बनची मी एका हाताने उचलली,
किंमत ऐकून दोन्ही हातांनी खाली ठेवली.
तिसरी स्टीलची, बाटलीसारखी हिरवी,
मधली नळी इतकी खाली झुकलेली
की उंबरा ओलांडावा तसं पलीकडे जावं.
बायकांची आहे का? मी विचारलं.
गुडघ्यांची आहे, ती म्हणाली.

मिरजेत मी दादाच्या चोवीस इंचीवर शिकले,
नळीखालून पाय घालून, खेकड्यासारखी तिरपी.
सीटवर चढण्याइतकी उंची आली
त्याच वर्षी साडी आली.
मग कॅरिअर.
अण्णांच्या मागे, दादाच्या मागे, पुढे सुधन्वाच्या मागे,
एका बाजूला पाय सोडून.
ब्रेक लागला हे मला
कुणाच्या तरी पाठीवर कपाळ आपटल्यावर कळायचं.

म्हणून ब्रेकवर मी तासभर घालवला.
ग्लेनिसने दोनदा चहा केला.
डिस्क ब्रेक, तेलावर चालणारे, ओल्या पानांवरही धरणारे.
पण लिव्हर माझ्या बोटांना लांब पडायचे.
तिने एक बारका स्क्रू फिरवला
आणि कुणी ताट पुढे सरकवावं
तसा लिव्हर हाताशी आला.
इतकं सोपं होतं? मी म्हटलं.
हो, पण विचारत कोणी नाही, ती म्हणाली.

हँडल मागे वळलेलं घेतलं;
परात उचलताना मनगटं असतात, तशीच राहतात.
टायर बेचाळीसचे, जाड, हवा बेताची,
अंगठ्याखाली पाडाला आलेल्या पेरूइतके दबणारे.
इथले चढ पाहून मागचं मोठं चक्र घेतलं,
जवळजवळ फुलक्याएवढं.
सीट पुठ्ठ्याच्या मापाची.
आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलं होतं : आराम हराम आहे.
तिला अर्थ सांगायला गेले
आणि अर्ध्यावरच गप्प झाले.

कॅरिअर लावू का? तिने विचारलं.
लाव की. लीकच्या जुड्या बसतील, बटाटे बसतील.
माणूस नको.

ऑक्टोबरातला रविवार. रिव्हेलिनकडे उतरणारा रस्ता.
उजवा पुढचा, डावा मागचा, मिरजेसारखाच.
वारा कानांत, डोळ्यांना पाणी,
मागून एक पोरगा सुसाट निघून गेला,
जाता जाता काहीतरी छान ओरडला, किंवा वाईट.
निम्म्या उतारावर मला थांबावंसं वाटलं.
फाटक नव्हतं, गाडी येत नव्हती,
दमही लागला नव्हता.
दोन दोन बोटं दाबली.

सायकल थांबली.
कपाळ जिथल्या तिथे.
कुंपणावर उरलीसुरली ब्लॅकबेरी होती, आंबट निघाली.
पाच-सहा खाल्ली.