आवक-जावक

पहाटे साडेचारला चूल पेटते
वडणग्याच्या वाटेवरच्या बंद गुऱ्हाळात.
ज्या काहिलीत रस आटायचा
तिच्यात आता कणी शिजते, हळद घालून,
इलाहीनं धाडलेल्या कोंबडीच्या पायांसकट.
गोडवा भिंतीतून गेलेला नाही.
मुंग्या अजून येतात, जुन्या सवयीनं,
आणि ताटल्यांना वळसा घालून जातात.

साठ तोंडं.
गुरुवारपर्यंत एकसष्ट होती.

अक्काताई मोजत नाही, ओतते.
"पोट काय मापानं भरायचं असतंय व्हय, बाई?"
तांदूळवाल्याची उधारी तेवढी मी मोजते.

महापुराची रेघ आहे भिंतीवर, माझ्या छातीइतकी.
तिच्या वर खिळा, खिळ्याला रजिस्टर:
आवक एका बाजूला, जावक एका.

सातला फोन सुरू होतात.
"मॅडम, रंकाळ्यावर कुत्रं पडलंय, लवकर या."
तोवर जरा सावलीत घ्याल का?
"आम्ही गाडीत हाय ओ."
"अपार्टमेंटखालचं कुत्रं घिऊन जावा."
लागलंय का त्याला?
"न्हाई. भुंकतंय."
एक जण मांजर देऊन गेला, पिशवीतून.
पिशवी परत मागितली.
मांजराचं नाव सांगायचं विसरला.

जागामालक महिन्याला एकदा येतात,
चप्पल न काढता, कारण काढण्यासारखी जागा नसते.
"प्लॉटिंग पडणार हाय, ताई. बघा काय ते."
लंगडी काळी त्यांच्याच पायाशी जाऊन बसते.
तिला कुणी काही सांगितलेलं नाही.

सुई कधी द्यायची, हे कुणी शिकवत नाही.
डॉक्टर पाटणे चष्मा पुसायला लागले
की मला कळतं.
कण्यावरून टेम्पो गेलेलं ते पिल्लू
आम्हाला बघून शेपूट हलवू बघत होतं,
शेपटीपर्यंत निरोप पोचत नव्हता.

भाचीच्या साखरपुड्यात
माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली.
मी दोनदा अंघोळ करून गेले होते.

आणि तो बैल.

मार्चात कारखान्याचा पट्टा पडला,
केजचा उत्रेश्वर तांदळे परत निघाला होता.
ट्रकात संसार चढला, बायको-पोरं चढली,
जोडीतला दुसरा चढला.
हा फळीपाशी थांबला.
खांदा आलेला, पुढचा डावा पाय टेकेना.
"हौशा नाव हाये त्याचं," एवढंच म्हणाला,
आणि ट्रकात मागं तोंड करून बसला.

मग दर रविवारी फोन.
"ताई, तेवढा त्याच्या कानाला लावा."
मी लावायची.
कान फिरायचा, रवंथ थांबायची,
पलीकडचं काय ते त्या दोघांतलं.
मी गोमाशा हाकत उभी.

गुरुवारी तो उठला नाही.
इलाहीनं भाच्याचा जेसीबी आणला,
डिझेलचे पैसे घेतले नाहीत.
अक्काताईनं शिंगांना हळद लावली,
कणीतलीच, मूठभर.

आज रविवार.
फोन वाजला तेव्हा हात कणीत होते.
"ताई, लावा."
मी काय करावं?
माझ्याच कानाला लावला.

जिभेचं टॉक, टॉक.
मग "हां… हां, लेकरा…"
मग गावाकडच्या हिरीला पाणी किती आहे ते.
जोडीदार बैल वैरण नीट खात नाही, ते.
थोरलीचं नाव शाळेत घातलं, ते.
मी हुं म्हटलं नाही. बैल हुं म्हणत नाहीत.

मग तो थांबला.
"ताई," म्हणाला,
"श्वास निराळा यायलाय आज त्याचा."

रजिस्टर उघडं आहे.
जावकच्या रकान्यात पेन टेकवलंय, शाई नीट उतरत नाही.
फाटकाशी कुणीतरी उभं आहे,
हातात पिशवी, पिशवीत काहीतरी हलतंय.